दगडाखालची मासोळी

बहात्तरच्या दुष्काळात तेरणा नदी आटली. गावानं चाळीस फूट नवी विहीर खोदली, तरी खडक कोरडाच. अशात बौद्धवाड्यातली सोजरबाई तांब्या घेऊन चावडीपुढं आली. गावच्या जुन्या विहिरीवर तिच्या घागरीत आजवर दुसऱ्यानं वरून ओतलेलंच पाणी पडलं होतं. तांब्यात बोटभर, मिशीवाली मासोळी तळाला चिकटून बसली होती.

"ही वाहत्या पाण्याबिगर जगत न्हाय. सकाळी नदीत एका दगडाखाली घावली. खाली झरा जित्ता हाय."

सरपंच ताडकन उठले. "कुठला दगड? चल, दाव!"

सोजरबाईनं तांब्यावर हात ठेवला.

"आधी सगळ्यांदेखत लिवून द्या. त्या झऱ्यात पयली घागर बुडंल ती माझी, आन माझ्याच हातानं."