शलाकाचा आराखडा

वीस वर्षं खैरनार कॅन्सरच्या रुग्णांच्या छातीवर तार वाकवून आकार कागदावर उतरवत, किरणांचे कोन ठरवत. २००४ साली नाशिकच्या त्यांच्या रुग्णालयात संगणक आला आणि तो चालवणारी शलाकाही. डॉक्टर आता तिलाच विचारत, आणि खैरनारांच्या पोटात दुखे. पिंपळगावच्या कचरूबाबांच्या फुफ्फुसातल्या गाठीसाठी दोघांनी किरणोपचाराचे वेगवेगळे आराखडे केले. हे कळताच बाबांनी खैरनारांचा हात धरला. “साहेब, तुमचाच घ्या. ती पोरगी लय नवी हाय.” खैरनार सुखावले. खोट काढायचीच म्हणून त्यांनी शलाकाचा आराखडा बारकाईने तपासला. चूक सापडेना. उलट श्वासाबरोबर गाठ खालीवर सरकते, हेही तिने हिशेबात धरलेलं. खैरनारांच्या आराखड्यात गाठीची कड किरणांबाहेर राहत होती. “बाबा, तिचाच घेऊ, त्यानेच गुण येईल,” ते कसंबसं म्हणाले. हे कळल्यावर शलाकाने हसून त्यांचे आभार मानले, तेव्हा त्यांना तिचा आणखीनच राग आला.