मसुराएवढी मोकळी जागा

वॉर्डात एका खाटेवरून दुसरीवर पसरत आलेला जंतू सुनेच्या जखमेत शिरला होता आणि कोणत्याच औषधाला जुमानत नव्हता. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी सासूबाईंना तिच्या जखमेतले जंतू वाढवलेली काचेची बशी दाखवली. औषधांत भिजवलेल्या साऱ्या कागदी टिकल्यांना खेटून जंतूंची पांढरी साय धरली होती. एकाच ठिकाणी मसुराएवढी जागा मोकळी होती.

“इथे कुठलं औषध घातलंत?”

“औषध नाही, आजी. इस्पितळामागच्या गटाराचं पाणी गाळून त्याचा थेंब टाकला. जिथे हे जंतू वाढतात, तिथेच त्यांना खाणारे विषाणूही असतात.”

“म्हणजे तिला गटाराचं पाणी देणार? शुद्धीवर असती तर म्हणाली असती, सासूने डाव साधला.”

“पाणी नाही, त्यातले विषाणू वेगळे काढून, पारखून देऊ. तोवर तिने तग धरायला हवा.”

“धरेल. माझ्यापुढे टिकली आहे ती.”

सासूबाई बराच वेळ बशी उजेडात धरून पाहत राहिल्या.

मग मागच्या दाराने बाहेर पडल्या. गटाराशी येताच सवयीने पदर नाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सासूबाईंनी तो सावकाश डोक्यावर घेतला.