पुढचा प्रश्न

भोकरदनच्या एका शाळेत, प्रयोगशाळेचं दार लोटून घेऊन वंदना दहावीच्या मुलींशी एकेकीला बोलवून बोलत होती. किशोरवयीन मुलांच्या मनावरचं तिचं हे पहिलंच संशोधन. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, उत्तर काहीही येवो, चेहरा हलू द्यायचा नाही आणि सगळ्यांना एकाच आवाजात विचारायचं. तिने ते आरशासमोर घोटलं होतं.

"आपण नसतो तर बरं झालं असतं, असं तुला कधी वाटलं आहे का?"

कंपासपेटीच्या झाकणाशी चाळा करणारा आकांक्षाचा हात थांबला.

"वाटलं. दिवाळीपासून वाटून राह्यलंय."

वंदनाने टॅबवर 'हो' दाबलं. "पुढचा प्रश्न. असं वाटतं तेव्हा तू कुणाला सांगतेस? आई, मैत्रीण, शिक्षक, इतर कोणी, की कुणालाच नाही?"

आकांक्षाने जरा विचार केला. "इतर कोणी."

"कोण ते सांगावं लागेल."

"तुमी. आत्ता तुमाला सांगितलं की."

वंदनाचं बोट टॅबवर तसंच राहिलं. घोटून घोटून बसवलेल्या त्या चेहऱ्याची तिला लाज वाटली, पण तो काही केल्या हलेना, आणि प्रश्नावलीत नसलेला एक शब्दही तिला सापडेना.

आकांक्षा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने कंपासपेटीचं झाकण लावलं.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. 'कुणालाच न्हाई' लिवा."