‘सोपं’च्या शेजारचं बटण

शब्द परत शिकवणाऱ्या अ‍ॅपवर अडकित्त्याचा फोटो आला. अर्धांगवायूने वाचा गेलेले दिगंबरराव ओठ हलवत राहिले, पण शब्द फुटेना.

“आलंच होतं हो ओठांवर!” म्हणत इंदुमतीबाईंनी ‘सोपं’चं बटण दाबलं. नवऱ्याचा धीर खचू नये म्हणून त्या रोज तेच दाबत. ‘सोपं’ म्हटलेला फोटो बरेच दिवस परत येत नाही, असं मुलीने बजावूनही त्यांना राहवत नसे.

मग छत्री आली. तीही अडली. बाईंचं बोट ‘सोपं’कडे वळताच दिगंबररावांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“पु... पुन्हा!”

आजारपणानंतरचा त्यांचा पहिला शब्द! इंदुमतीबाईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

“बरं, पुन्हा तर पुन्हा!” म्हणत त्यांनी शेजारचं ‘पुन्हा’चं बटण दाबलं.