गोठ्यातला खोकला

थोरल्या नातीचं लग्न ठरलं, त्या वर्षी माझ्या मुलाने गोठ्यात एक पेटी बसवली. ती गाईंचे आवाज ऐकायची आणि कोण भुकेली, कोण माजावर, कोण आजारी ते त्याच्या फोनवर कळवायची.

"गाईंचं निमित्त रे. आपण दोघं गोठ्यात बसून काय बोलतो ते ऐकायचंय त्याला," माझे थोरले भाऊ, दादा, म्हणाले. मलाही तीच शंका होती.

एक दिवस पेटीने कळवलं, गोठ्यात एक जनावर खोकतंय. गुरांच्या डॉक्टरने एकेक गाय तपासली. सगळ्या ठणठणीत. आठवड्याने पुन्हा तोच निरोप, पुन्हा डॉक्टर, पुन्हा काही नाही.

"पेटीवाल्याचं आणि डॉक्टरचं साटंलोटं आहे," दादा तापले. "काढ ती आधी!"

मला पटलं. स्टुलावर चढून मीच पेटी काढली.



आपल्या आजारपणाने लग्न लांबू नये म्हणून दादाच रोज गोठ्यात जाऊन खोकत होते. नात सासरी गेली त्याच आठवड्यात ते छातीच्या दुखण्याने वारले.