गाण्यातली बाई

मित्सुएला पोटाचा कॅन्सर आहे हे डॉक्टरांनी फक्त तिच्या नवऱ्याला, गायक शुईचीला सांगितलं होतं. त्या काळी पेशंटला कुणी सांगत नसे. “साधा अल्सर आहे, उन्हाळ्यात घरी येशील,” तो तिला हसत सांगायचा. मनातलं त्यानं एका गाण्यात उतरवलं आणि बायको गमावलेल्या माणसाचं ते गाणं ओसाकाभर गाजलं. एका दुपारी तो इस्पितळात आला, तर शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या रेडिओवर तेच लागलं होतं. “अहो, गाण्यातली ही बाई कोण?” मित्सुएनं विचारलं. “कुणी नाही गं, कल्पना.” “मग तिच्या मानेवर माझा तीळ कसा? आठवडाभर ऐकतेय मी.” शुईचीला रडू कोसळलं. “रडू नका. एकदा माझ्यासमोर म्हणा.” पहिल्या ओळीपुढे त्याला म्हणता येईना. उरलेलं गाणं, आपल्या मरणाचं कडवंही न गाळता, तिनंच हळू आवाजात म्हटलं.