अर्धं शटर

शेजारच्या खिडकीसमोर पुन्हा हशा पिकला आणि ताईंनी तांदळाची पिशवी जरा जोरातच आपटली.

संस्थेच्या धान्यवाटप केंद्राला खिडक्या दोनच. एक ताईंची, पहिल्यापासूनची. दुसरी नवीची. नवी येऊन जेमतेम महिना झाला होता, पण रांग बघावी तर तिच्याकडे पार फाटकापर्यंत आणि ताईंकडे तुरळक. नवी प्रत्येकाला नाव विचारायची, लेकराबाळांची चौकशी करायची, "बटाटे देऊ की कांदे? सांगा की, लाजता काय!" म्हणायची. माणसं पिशवी घेऊन निघताना वळून तिला हात करायची. ते बघून ताईंच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखायचं.

ताईंच्या खिडकीला मात्र कुणी हात करायचं नाही. करणार कसं? तिचं शटर कायम अर्धं खाली. ताईंनीच ते तसं ठेवलं होतं. बाहेरचे हात तेवढे दिसायचे, चेहरा नाही. पिशवी सरकवायची, संपलं. लहानपणी शाळेतल्या फुकट दुधाच्या रांगेत वाटणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तू त्या ड्रायव्हरची धाकटी ना गं?" ते दूध काही केल्या घशाखाली उतरलं नव्हतं. घेणाऱ्याला कुणी ओळखू नये, हे ताईंचं तेव्हापासूनचं तत्त्व. पण कौतुक नवीचं व्हायचं, तत्त्वाचं कोण करतो?

"ताई," नवी आपल्या खुर्चीतून वाकून म्हणाली, "माझ्याकडचे थोडे तुमच्याकडे पाठवू का? नुसत्याच बसलाय म्हणून विचारलं."

"मी काही इथे माशा मारत बसलेले नाही," ताई म्हणाल्या. खरं तर त्याच मारत होत्या.

पाठवू म्हणे! हिची उष्टी रांग आता मी घ्यायची! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उठल्या आणि शटर धाडकन वरपर्यंत ढकललं. गोड बोलायला काय, आम्हालाही येतं.

समोर नुकतीच एक बाई येऊन उभी राहिली होती. इस्त्रीचे कपडे, नीट बांधलेले केस. पिशवीसाठी पुढे केलेले हात ताईंनी लगेच ओळखले. स्वच्छ कापलेली नखं, करंगळीवर भाजल्याचा जुना डाग. दर आठवड्याला येणारे हात. चेहरा मात्र त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या.

"या, या!" ताईंनी नवीच्याही वरताण आवाज लावला. "इतके दिवस येताय आणि मी मेलीनं साधं नावसुद्धा विचारलं नाही बघा! नाव काय तुमचं? घरी कोण कोण असतं? मिस्टर काय करतात?"

शेजारच्या रांगेतली माणसं कोण आहे म्हणून वळून बघायला लागली.

बाईंनी हात मागे घेतले. "नको," त्या पुटपुटल्या. "मी... चुकून आले इकडे." आणि पदपथावरून जवळजवळ पळतच निघाल्या.

"अहो, पिशवी!" ताई खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकल्या. "अहो, तुमची पिशवी!" हाक मारायला त्यांच्याकडे नाव नव्हतं.

"गेली होय?" नवीनं मान वळवून बघितलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर ताईंना बरं वाटलं असतं. "माझ्याकडूनही अशीच गेली होती, पहिल्याच आठवड्यात. नाव विचारलं हो मी. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही मला. मग तुमच्या रांगेत दिसायला लागली, तेव्हा म्हटलं, चला, हिला ताईंची खिडकी तरी आहे."